बांबूबंदीवर माझी सही नाही

गेले दोन-अडीच महिने इथे काही लिहिलेलं नाही. परवा आत्याचा फोन आला, "काय रे, ब्लॉग बंद पडला की काय तुझा?" बंद नाही पडला, आत्या. भांडणात होतो. भांडण अजून मिटलेलं नाही, पण निदान माझी बाजू तरी नीट मांडावी म्हणून आज बसलोय. पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांच्याबरोबर गल्लीतले आणखी दोघे. हातात एक अर्ज. विषय: 'निवासी जागेत बांबू लावण्यास व ठेवण्यास संपूर्ण बंदी घालण्याबाबत.' खाली त्रेपन्न सह्या. "खरं तर तुमची सही पहिली घ्यायला हवी होती," सेक्रेटरी म्हणाले. "भिंत तुमची पडली."

हे मात्र खरं. भिंत माझी पडली. आणि तरीही मी सही केली नाही. त्यावरून गल्लीत जे काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण "हा माणूस विक्षिप्त आहे" या मताला घरातूनही एका मताचा पाठिंबा आहे, एवढं सांगतो.

माणिकपूरला जे कधी आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरलं की पंधरा मिनिटांच्या चालीवर आमचं घर. बैठं, कौलारू, वडिलांनी बांधलेलं. माझ्या लहानपणी आजूबाजूला वाड्या होत्या, केळी होती, विहिरींवर रहाट होते. आता तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला गल्ली. नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती ती ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिकेत गेली, ठाणे जिल्हा होता तो १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला. आम्ही मात्र होतो तिथेच आहोत. पावतीवरचं नाव तेवढं बदलत गेलं.

शेजारची सोसायटी आणि आमच्यात विटांची एक चार इंची भिंत आहे. (होती म्हणू या.) पलीकडे भिंत आणि त्यांचं गटार यांच्यामध्ये दीड फूट रुंदीची मातीची पट्टी. २०१६ च्या पावसाळ्यात त्यांनी त्या पट्टीत पिवळा बांबू लावला. तोच तो, पिवळ्या दांड्यावर हिरव्या रेघा ओढल्यासारखा दिसणारा, हल्ली प्रत्येक हॉटेलाबाहेर आणि बंगल्याबाहेर असतो तो. नर्सरीवाल्याने सांगितलं, दोन-तीन वर्षांत छान पडदा होईल. झालाही. आणि मला आनंदच झाला! त्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या थेट आमच्या मोरीत उघडत होत्या, त्या झाकल्या गेल्या. दीड फुटात बांबू मावणार नाही हे मला तेव्हाच कळत होतं. वडिलांनी लावलेलं बांबूचं बेट माझ्या दारात आहे, मला नाही कळणार तर कुणाला? पण फुकटचा आडोसा मिळत होता. गप्प बसलो. या सगळ्या प्रकरणात माझा गुन्हा हा, आणि तो मी आधीच कबूल करून टाकतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. २०२२ मध्ये भिंतीला पोट आलं. बांबूची गळलेली पानं आणि कोंबावरची ती मोठी मोठी टरफलं गटारात जाऊन बसायला लागली. पाऊस पडला की पाणी आमच्या पडवीत. जुलै २०१८ मध्ये अख्खी वसई पाण्यात होती तेव्हा पडवीत पाणी आलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मिठागराच्या वस्तीतली माणसं तेव्हा अडकून पडली होती, आमच्या पडवीचं काय घेऊन बसलात? पण आता साध्या सरीला पाणी येऊ लागलं. आणि २०२४ च्या जुलैत एका रात्री भिंतीचा सात-आठ फुटांचा तुकडा आमच्या बाजूला कोसळला. धुण्याचा दगड, बादली आणि बायकोने जपलेली सोनटक्का, सगळं त्याखाली. माणूस कुणी नव्हतं म्हणून हा विषय विनोदाने लिहिता येतोय.

म्हणजे बघा. दीड फुटाची पट्टी ठेवली माणसांनी. तिच्यात बांबू लावला माणसांनी. आठ वर्षांत एकदाही त्याला कोयता लावला नाही, तोही माणसांनीच. शेजाऱ्याला सगळं दिसत होतं आणि तो गप्प बसला, तोही माणूसच. आणि अर्जात आरोपी कोण? बांबू! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

अर्जाला एक कागद जोडलेला होता. इंटरनेटवरून काढलेला. कुठल्यातरी परदेशी घरात फरशी फोडून बांबूचा कोंब वर आलाय असा फोटो आणि खाली 'परदेशात बांबूवर बंदी आहे, मग आपल्याकडे का नाही?' असं ठळक अक्षरात. माझा मावसभाऊ अमेरिकेत कनेक्टिकटला राहतो. (तो हे वाचतो. दादा, नमस्कार.) त्याला रात्री फोन लावला. त्याने जे सांगितलं त्याने माझे डोळे उघडले, आणि सही न करण्याचं पहिलं कारण मिळालं.

बांबूचे ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. एक धावणारा. त्याचे जमिनीखालचे कंद लांब दोरीसारखे आडवे पळत जातात आणि वीस-पंचवीस फुटांवर, शेजाऱ्याच्या हिरवळीतून, कोंब वर काढतात. चीनकडून गेलेल्या या जातींनी अमेरिकेत खरोखर उच्छाद मांडलाय. दुसरा बेट करणारा. त्याचे कंद आखूड, एकमेकांना चिकटून, घोळक्याने वाढणारे. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या जे आहेत, मानवेल, कळक, माणगा, चिवा, ते सगळे या दुसऱ्या स्वभावाचे. पिवळा शोभेचा बांबूही त्यातलाच, जरा ऐसपैस पसरणारा इतकंच. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखलेलं आहे. आपण बांबूचं 'बेट' म्हणतो. बेट पळत नाही. बेट रुंदावतं. दोन्हींत जो फरक आहे तोच कायद्यात यायला हवा, आणि अर्जात नेमका तोच नव्हता.

आता कनेक्टिकटचा कायदा काय म्हणतो ते ऐका. २०१३ मध्ये त्यांनी तो केला, आणि तो फक्त धावणाऱ्या बांबूपुरता आहे. लावायलाच बंदी, असं त्यात नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किंवा रस्त्यापासून ४० फुटांच्या आत लावायचा असेल तर कंद बाहेर जाणार नाहीत असा अडसर जमिनीत घाला, नाहीतर जमिनीच्या वर कुंडीत लावा. लावणाऱ्याने तो आपल्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही. गेला तर शेजाऱ्याचं नुकसान आणि काढण्याचा खर्च लावणाऱ्याच्या माथी. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: विकणाऱ्यानेही गिऱ्हाइकाला सांगितलं पाहिजे की बाबा, हे झाड पळतं, आणि तुझ्यावर अशी अशी जबाबदारी येते.

'परदेशात बंदी आहे' म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, त्यातला एक कायदा हा असा आहे. तो बांबूला काही सांगत नाही. तो लावणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सांगतो. आपण त्यातला 'बंदी' हा शब्द तेवढा आयात केला आणि 'जबाबदारी' बंदरावरच ठेवून आलो.

बंदीचं म्हणाल तर आपल्याकडे तिचा अनुभव नाही असं नाही. गाजर गवत घ्या. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. शेजारच्या कर्नाटकाने १९७० च्या दशकात त्याला कायद्याने घातक तण ठरवलं. आज कर्नाटकात जा, महाराष्ट्रात जा, कुठल्याही रेल्वे रुळाकडेला बघा. गवताने कायदा वाचलेला दिसत नाही. बंदी कधीच उपयोगी नसते असं माझं म्हणणं नाही. गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी केली ती मला पटते, कारण ते झाड इथलं नव्हे, मुद्दाम आणून हजारोंनी लावलं जात होतं, तेव्हा ते लावणं थांबवता येतं. पण माणगा आणि मानवेल हे आपल्या घरचे आहेत. घरच्या माणसाला घुसखोर ठरवायचं तर आधी स्वतःच्या घराची हद्द तपासावी लागते.

आणि घरच्या माणसाचं म्हणाल तर यादी मोठी आहे. सूप, टोपली, करंडा, पाळणा, मांडव, शिडी, केळीचा टेकू, शेवटी तिरडी. पावसाळ्याच्या तोंडाला स्टेशनबाहेर आदिवासी बायका कोवळे कोंब विकायला बसतात, कुणी त्याला शिंद म्हणतं, कुणी वास्ते. (किसून रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी टाकून उकळायचे, मगच भाजी. घाई केली तर कडूही लागतं आणि बाधतंही.) २०२५ मध्ये राज्य सरकारने बांबू उद्योगासाठी वेगळं धोरण मंजूर केलं. मंत्रालयातून 'बांबू लावा' आणि आमच्या गल्लीतून 'बांबू उपटा', हे दोन्ही कागद एकाच टपालाने निघाले तर पोस्टमन हसेल.

सही न करण्याचं दुसरं कारण कायद्याचं आहे. जरा रुक्ष आहे, पण मजेशीरही आहे.

बांबू हे गवत. वनस्पतिशास्त्र त्याला भात, ऊस, गहू यांच्या कुळात बसवतं. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड, खुंट, झुडपं, वेत यांच्याबरोबर बांबूही घातलेला होता. म्हणजे नव्वद वर्षं एक गवत कायद्याने झाड होतं. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडून बाजारात नेताना त्याला हे जाचायचं. २०१७ च्या नोव्हेंबरात आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरात संसदेत दुरुस्ती होऊन त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. चांगलं झालं. पण ते वन कायद्यापुरतं. शहरांसाठी आपल्याकडे १९७५ चा वेगळा कायदा आहे, नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाचा. झाड तोडायला परवानगी लागते ती त्याच्याखाली. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' झालं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची असं आलं.

आता माझ्या दारातलं बेट वडिलांनी १९७१ मध्ये लावलं. कुडाळकडच्या एका ऑफिसमित्राच्या गावाहून माणग्याचा कंद गोणपाटात बांधून एसटीने आणला होता. त्याचं वय काय? बेट पन्नाशी ओलांडून गेलंय. पण त्यातली एकेक काठी जेमतेम आठ-दहा वर्षं जगते. नवा कोंब दोन-तीन महिन्यांत पुरा उंच होतो आणि मग आयुष्यभर जाडीला इंचभरही वाढत नाही. मग याला हेरिटेज म्हणायचं, की दरवर्षी जन्मणारं बाळ? तीन वर्षांची काठी काढली तर ती 'वृक्षतोड', की विळ्याने गवत कापलं? मी चार ठिकाणी विचारलं, पाच उत्तरं मिळाली. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना दोष देत नाही, प्रश्नच तसा आहे.

पण हाच कायदा शांतपणे वाचताना एक गोष्ट सापडली, आणि या पोस्टचं मूळ ती आहे. वृक्ष प्राधिकरणाची कर्तव्यं जिथे सांगितली आहेत तिथे झाडांचं रक्षण आहे, गणना आहे, रोपवाटिका आहेत, आणि त्यातच हेही आहे: प्रत्येक वस्तीत, प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर आणि आवारात किती आणि कोणत्या प्रकारची झाडं असावीत याचं मानक ठरवणं. १९७५ साली लिहिलंय हे! कुठे, कोणतं, किती. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी शहाण्या माणसाने जागा करून ठेवली आहे.

ते मानक आमच्या गल्लीत कुणाच्या हाती कधी पडलेलं नाही. आम्हाला कायदा भेटतो तो फक्त कुऱ्हाड हातात घेतल्यावर. लावताना कुणी विचारत नाही, तोडताना सगळे विचारतात. त्यामुळे होतं असं की माणसं वाटेल तिथे वाटेल ते लावतात आणि अंगाशी आलं की रात्री बुंध्याशी ॲसिड ओततात. किंवा याच्या उलट, 'पुढे तोडता येणार नाही' म्हणून काही लावतच नाहीत, अंगणभर पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होतात. दोन्ही माझ्या गल्लीत आहेत. बांबूबंदी आली तर तिसरा प्रकार सुरू होईल: शेजाऱ्याशी जुनं वैर असलेला माणूस फोटो काढून तक्रार करेल. बांधावरून कोर्टात गेलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत, आता कोंबावरून जातील.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. झाडाच्या नावावर बंदी नको, जागेचा नियम करा. आणि तो करायला नवा कायदा नको, आहे त्या कायद्यातलं विसरलेलं काम करा. मला सुचलेले नियम देतो. जाणकारांनी दुरुस्त करावेत.

एक, कंपाउंडची भिंत, गटार, सेप्टिक टँक आणि विहीर यांच्यापासून बेट करणारा बांबू किमान सहा फूट लांब. तेवढी जागा नसेल तर कुंडीत किंवा बांधलेल्या हौदात. हाच नियम वड, पिंपळ, उंबरालाही त्यांच्या मापाने लावा. भिंत पाडायला फक्त बांबूच लागतो असं नाही.

दोन, धावणाऱ्या जाती वस्तीत उघड्या जमिनीत लावायच्याच नाहीत. आणि आपण काय विकतोय, पळणारं की बसणारं, हे नर्सरीने चिठ्ठीवर लिहून द्यायचं. औषधाच्या बाटलीवर लिहितात, खताच्या पिशवीवर लिहितात, मग रोपावर का नाही?

तीन, लावेल त्याने सांभाळायचं. वर्षातून एकदा बेटाभोवती हात-दीड हात खोल चर मारला आणि चुकार कंद तोडला की बेट आपल्या हद्दीत राहतं, कारण कंद फार खोल जात नाहीत. तीन वर्षांवरच्या काठ्या काढत राहिल्या की दाटी होत नाही, काठ्या वाळून आगीचं भय राहत नाही. हे न करणाऱ्याकडून नुकसान भरून घ्या.

चार, ही वार्षिक काढणी म्हणजे वृक्षतोड नव्हे, असं एका ओळीत लेखी जाहीर करा. एका ओळीने शंभर हेलपाटे वाचतील.

यावर सेक्रेटरींचं म्हणणं होतं, "एवढे नियम पाळणार कोण आणि तपासणार कोण? त्यापेक्षा बंदी सोपी." प्रश्न प्रामाणिक आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. महापालिकेचा माणूस टेप घेऊन घरोघर फिरेल असं मलाही वाटत नाही. पण बंदी तरी तपासणार कोण? त्यालाही माणूस लागेलच, आणि त्याला पिवळा बांबू, माणगा आणि वेळूची रोपं यांतला फरक ओळखावा लागेल. सहा फूट मोजायला तेवढं ज्ञान लागत नाही. मुख्य म्हणजे अंतराचा नियम असेल तर दोन शेजारी आपसात बोलू शकतात. २०१६ मध्ये असा नियम असता तर मी भिंतीवरून हाक मारून म्हटलं असतं, "काका, इथे नाही हो चालत, कुंड्यांत लावा." नियम नव्हता, म्हणून माझ्याकडे शब्द नव्हते. (आणि आडोसा हवा होता, हे आहेच.)

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा होता. जाता जाता सेक्रेटरी दारात थांबले, आमच्या बेटाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचं बेट आहे म्हणून तुम्हाला पुळका. वडिलांची आठवण."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते खरं होतं. सकाळी उठून टेप काढला आणि मोजलं. वडिलांनी लावलं तेव्हा तिथे गल्ली नव्हती, गटार नव्हतं, वाडीची वई होती. आज बेटाच्या बाहेरच्या कडेपासून गल्लीचं गटार दोन फूट चार इंचांवर आहे. सहा फुटांचा नियम लिहिणारा मी, आणि माझंच बेट नियमाबाहेर!

दोन दिवस टाळाटाळ केली. मग दोन गडी बोलावले. बांबूचं बेट खणणं म्हणजे काय हे ज्याने खणलंय त्यालाच कळतं. पहारीला धार राहत नाही. दोन दिवसांनी गटाराकडचा अर्धा भाग निघाला. वडील सांगायचे, बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, नाहीतर भुंगा लागतो. तेवढं तरी पाळलं. काठ्या आगाशीच्या एका वाडीवाल्या मित्राने केळीला टेकू द्यायला नेल्या. कंदांचा ढीग दारात पडला होता. बायको म्हणाली, "बाबांना काय वाटलं असतं?" मला वाटतं, बाबांनीच आधी मोजलं असतं. उरलेल्या अर्ध्या बेटाभोवती आता चर आहे आणि मी दर पावसाळ्याआधी तो साफ करणार आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पळवाट राहणार नाही.

हे सगळं मी सेक्रेटरींना दाखवायला म्हणून केलं नाही. पण त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवरून बराच वेळ आमच्या खड्ड्याकडे बघत होते. बोलले काहीच नाहीत. त्यांचा पिवळा बांबू त्या दीड फुटात अजून उभा आहे आणि त्यांचा अर्ज त्रेपन्न सह्यांसकट पुढे गेलाय. भिंतीचा खर्च कुणी किती द्यायचा यावर अजून एकमत नाही. तोवर भिंतीचा उरलेला भाग पडू नये म्हणून गवंड्याने तिला आमच्याच बेटातल्या चार काठ्यांचे टेकू लावून ठेवलेत. बांबूने पाडलेली भिंत बांबूनेच धरलीय. कोण लावतो, कुठे लावतो आणि पुढे बघतो की नाही, एवढाच काय तो फरक.

मी माझा वेगळा अर्ज तयार केलाय. विषय: 'निवासी आवारात कोणती झाडे, किती अंतरावर लावावीत याचे मानक ठरवून ते नागरिकांना उपलब्ध करून देण्याबाबत.' विषय बंदीइतका खणखणीत नाही, मान्य. आतापर्यंत आठ सह्या झाल्यात, त्यातल्या तीन घरच्या. वसई, नालासोपारा, विरारकडचे जे कोणी हे वाचत असतील त्यांनी येऊन सही करावी, चहा मिळेल. दुसऱ्या गावच्या मंडळींनी आपल्याकडे असं मानक कुठे लावलेलं किंवा छापलेलं पाहिलं असेल तर जरूर कळवा, मी ते अर्जाला जोडीन. आणि ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही लिहा, पण लिहिण्याआधी आपल्या दारातलं झाड आणि शेजाऱ्याची भिंत यांतलं अंतर एकदा मोजून या.

ता. क. आत्या, तुमच्या गच्चीतल्या त्या कुंडीतल्या 'लकी बांबू'ला काही होत नाही. तो मुळात बांबूच नव्हे. खुशाल पाणी घाल.